बायोडेटात 'मेहनती' लिहिलं तरी फोन का येत नाही

दिवाळी झाली की आमच्याकडे भरती निघते, आमच्याकडे म्हणजे बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी ह्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कंपनीत, व्हॉल्व्हचे पार्ट बनतात तिथे, आणि मग माझ्या टेबलावर बायोडेटांचा गठ्ठा येऊन पडतो. यंदा साठेक होते. मी सगळे वाचते, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, कारण मला माझी पहिली नोकरी कोणीतरी असाच कागद नीट वाचला म्हणून मिळाली होती. पण दर वर्षी तेच होतं, पंधरा-वीस वाचून झाले की डोळ्यासमोर माणूसच उभा राहत नाही. हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेयर, क्विक लर्नर. पन्नास जणांचे हेच चार शब्द आणि तेही त्याच क्रमाने. ही मुलं खोटं लिहितात असं मला अजिबात वाटत नाही, त्यातली खूप जण खरोखरच मेहनती असणार, पण ते मला त्या कागदावरून कळायला काही मार्गच नसतो.

परवा नणंदेचा मुलगा आला होता, आमच्याच दांडिया बाजारात राहतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय आणि आठ महिने झाले घरी आहे. म्हणाला, "मामी, ह्या कंपनीवाल्यांना पाहिजे तरी काय असतं? मार्क आहेत, सर्टिफिकेट आहेत, सगळीकडे जाऊन आलो, कळवतो म्हणतात आणि कळवत नाहीत." त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. दोन तास बसलो आम्ही. त्याला जे सांगितलं ते इथे लिहून काढते, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीये, सावली, हालोल, वाघोडिया, नंदेसरी, सगळीकडे ही मुलं बायोडेटा घेऊन फिरतायत आणि त्यांना कोणी हे नीट सांगतच नाही.

तर आधी एक गोष्ट समजून घ्या, की समोर जो बसलाय ना तुमचा इंटरव्ह्यू घ्यायला, तो घाबरलेला असतो. खरंच. त्याच्या डोक्यात एकच हिशोब चालू असतो, ह्या माणसाच्या मागे मला किती फिरायला लागणार? काम सांगितलं आणि मी दुसरीकडे वळलो तर चालेल, का दर अर्ध्या तासाने जाऊन बघावं लागेल? आमच्यासारख्या ठिकाणी एक सुपरवायझर बारा-चौदा जणांना बघतो, त्यात एक जरी असा निघाला की ज्याच्यावर सारखी नजर ठेवायला लागते, तर बाकी सगळ्यांचं काम अडतं, मग डिस्पॅच लेट होतो, मग पार्टीचे, म्हणजे गिऱ्हाइकाचे, फोन येतात, आणि मग साहेब विचारतात ह्याला घेतला कोणी? म्हणजे मलाच विचारतात.

हे एकदा धरलं की ते सगळे मोठमोठे शब्द सोपे होतात. वेळेवर येणं ह्याचा अर्थ शिफ्ट सुरू होताना त्या मशीनवर आता कोणाला उभं करू ही चिंता सुपरवायझरला नाही. प्रामाणिकपणा म्हणजे तुम्ही 'माप बरोबर आहे' म्हणालात की कोणी परत मोजायला जात नाही. कम्युनिकेशन म्हणजे काय अडलंय ते तुमच्या मागे लागून काढावं लागत नाही. जबाबदारी, शिस्त, पुढाकार, काहीही घ्या, प्रत्येकाच्या मुळाशी हेच, की तुमच्यामुळे दुसऱ्याच्या डोक्याचा भार किती हलका होतो. कंपनी पगार देते तो तुमच्या हाताच्या कामाचा तर देतेच, पण त्या निश्चिंतीचाही देते.

आता अडचण अशी की ही निश्चिंती बाहेरून दिसत नाही. उन्हाळ्यात खंडेराव मार्केटला आंबे घ्यायला गेलं की विकणारा प्रत्येक जण म्हणतो गोडच आहेत बेन, साखर आहे साखर, आणि आपण त्याचं ऐकून घेतो पण आंबा उचलून देठाशी वास घेतो, हलकेच दाबून बघतो. का? कारण 'गोड आहे' म्हणायला त्याला काहीच खर्च येत नाही, आंबट आंबेवाला पण तेच म्हणणार. वास मात्र खोटा काढता येत नाही. अर्थशास्त्रात नेमका हाच विचार मायकेल स्पेन्स यांनी 1973 साली मांडला, नोकरीच्या बाजाराबद्दलच मांडला, आणि 2001 साली जॉर्ज एकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ ह्यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं साध्या भाषेत असं, की मालकाला माणसाची आतली कुवत दिसत नाही, म्हणून तो बाहेरच्या खुणा बघतो, आणि खूण कामाची कधी, तर ज्याच्यात तो गुण नाही त्याला ती मिळवणं जास्त जड जातं तेव्हा. डिग्री ही अशी खूण आहे. तीन-चार वर्षं टिकून राहणं, विषय सोडवणं, हे सगळ्यांना सारखं सोपं नसतं, म्हणून कंपन्या डिग्री मागतात, शिकवलेलं सगळं कामाला येतं म्हणून मागतात असं नाही.

आणि आता त्या 'हार्डवर्किंग'कडे परत बघा. टाइप करायला किती खर्च आला? शून्य. आळशी मुलगा पण तोच शब्द टाइप करतो. म्हणून वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून पुढे जाते, तुमच्यावर अविश्वास आहे म्हणून नाही, त्या शब्दात वास घ्यायला काही नसतंच.

मग माणूस ओळखायचा कसा, ह्याचा अभ्यास खूप झालाय. 1998 साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर ह्यांनी 85 वर्षांत झालेले अभ्यास एकत्र करून बघितलं की माणूस निवडायच्या कुठल्या पद्धतीवरून तो पुढे काम कसं करेल ह्याचा अंदाज येतो. प्रत्यक्ष थोडं काम करून घेणं आणि ठरवून घेतलेला इंटरव्ह्यू, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि उत्तरांना ठरलेले मार्क, ह्या दोन्ही गोष्टी वर आल्या. नुसत्या गप्पा मारून घेतलेला इंटरव्ह्यू त्यांच्या खाली. किती वर्षं शिकला आणि किती वर्षांचा अनुभव, हे तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूपच खाली, आणि हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखणं जवळजवळ शून्य. नंतर 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या बरोबरच्यांनी तो हिशोब परत तपासला, बरेचसे आकडे खाली आले, आणि ठरवून घेतलेला इंटरव्ह्यू पहिल्या नंबरवर आला, 0.42. म्हणजे 0 हा निव्वळ तुक्का आणि 1 हा अगदी बिनचूक अंदाज असं धरलं तर जगातली सगळ्यात चांगली पद्धत पण 0.42 वर उभी आहे.

हा आकडा मी भाच्याला दोनदा सांगितला. कारण नकार आला की ही पोरं स्वतःला नालायक समजायला लागतात, आठ महिने घरी बसलेला मुलगा रात्री काय विचार करत असेल ते मला कळतं. अरे, समोरचा पण चाचपडतोय. तुला नाही घेतलं ह्यात त्याचा अंदाज चुकला असण्याची शक्यता चांगलीच मोठी आहे. तुझं काम एवढंच की त्याला चाचपडायला काहीतरी हातात दे.

हातात द्यायचं म्हणजे घडलेली गोष्ट द्यायची. आजकाल बऱ्याच ठिकाणी प्रश्नच तसे विचारतात, 'तुम्ही एखादं अवघड काम वेळेत कसं पूर्ण केलं ते सांगा', 'कोणाशी पटलं नाही तेव्हा काय केलं', आणि आपली मुलं इथे 'मी खूप मन लावून काम करतो सर' असं गुळमुळीत उत्तर देतात. काय झालं होतं, त्यात तुमच्यावर काय होतं, तुम्ही स्वतः काय केलं आणि शेवटी काय झालं, एवढं चार-पाच वाक्यांत सांगायचं. 'आम्ही केलं' नाही, 'मी केलं'. मराठी घरात आपल्याला लहानपणापासून मी-मी करू नये शिकवतात ना, ते चांगलंच आहे, पण इंटरव्ह्यूत त्याने नुकसान होतं, कारण समोरच्याला चौघांना नोकरी द्यायची नसते, तुम्हाला द्यायची असते.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, स्टोअर असिस्टंटच्या जागेसाठी, बीकॉम, मार्क बेताचे. मी विचारलं आधी काही काम केलंय का, तर म्हणाली नाही. मग घरी काय करतेस, तर आईचे डबे असतात त्यात मदत करते, पण ते काय काम नाही ना म्हणाली. मी म्हटलं सांग तरी. रोज 35 डबे. त्यात सहा जैन, म्हणजे कांदा-लसूण-बटाटा नाही. दोन डायबेटिसवाले, त्यांना भात नाही. शनिवारी अकरा जण सुट्टीवर, ते शुक्रवारी रात्रीच विचारून ठेवायचं म्हणजे भाजी वाया जात नाही. कोणाचे पैसे महिन्याचे, कोणाचे पंधरा दिवसांचे, कोणी थकवलेत, हे सगळं एका वहीत, आणि डबा परत नाही आला तर त्या दिवशीच फोन. हे ती मला खाली मान घालून सांगत होती आणि मी ऐकत होते, आणि मला दिसत होतं की हीच तर आमच्या स्टोअरची सगळी कामं आहेत, आवक, जावक, शिल्लक, वेगळ्या पार्टीची वेगळी अट, आणि जे परत यायचंय त्याच्या मागे लागणं. तिला घेतलं. आज आमचं बिन कार्ड, म्हणजे मालाच्या नोंदीचं कार्ड, आणि प्रत्यक्षातला माल जुळतो तो तिच्यामुळे. मला राहून राहून एकच वाटतं, की मी 'सांग तरी' म्हटलं नसतं तर ती 'नाही' म्हणून उठून गेली असती. गणपती मंडळाचा वर्गणीचा हिशोब, नवरात्रात गरब्याच्या मैदानावर पार्किंग सांभाळणं, आजोबांच्या औषधांच्या वेळा, हे सगळं काम आहे हो, नुसता पगार नव्हता म्हणून ते काम नव्हतं असं होत नाही.

काम करून दाखवणं हा तर ह्याहून सरळ रस्ता. आमच्याकडे मशीन शॉपला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक वर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, आणि एक बुश, म्हणजे धातूची छोटी पोकळ नळी, देतो, सांगतो ह्याचा बाहेरचा आणि आतला व्यास माप. बहुतेक जण घाईघाईत मापतात आणि मोठ्याने आकडा सांगतात. एका मुलाने काय केलं, आधी वर्नियर रुमालाने पुसला, जबडे पूर्ण बंद केले, उजेडाकडे धरले, आणि म्हणाला, मॅडम ह्यात झीरो एरर आहे, बंद केल्यावर शून्य दाखवत नाही, तेवढं वजा करायला लागेल. माप त्याने नंतर घेतलं, तेही तीन वेळा, बुश फिरवून फिरवून. आयटीआयचा मुलगा, इंग्रजी येत नव्हतं, शर्टाची कॉलर झिजलेली होती. त्याने मला एकही विशेषण सांगितलं नाही स्वतःबद्दल. हत्यारावर विश्वास ठेवायच्या आधी हत्यार तपासणारा माणूस, त्याच्या मागे कोणाला फिरावं लागणार नाही हे शॉपमधल्या सगळ्यांना तिथेच कळलं.

आता जो गुण मला स्वतःला सगळ्यात मोठा वाटतो त्याबद्दल. वाईट बातमी लवकर सांगणं. हा मला माझ्या चुकीने शिकवलाय. मी नवीन होते, तेव्हा दुसऱ्या एका कंपनीत स्टोअरला होते, आणि संध्याकाळी निघताना नाईट शिफ्टसाठी स्टीलचे बार, म्हणजे दांडे, इश्यू केले. द्यायचे होते 316 चे, दिले 304 चे. दोन्ही स्टेनलेस स्टीलच, दिसायला अगदी सारखे, पण 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं त्यामुळे मीठ किंवा क्लोराइड असेल तिथे ते जास्त टिकतं, आणि हे पार्ट जायचे होते अशाच केमिकल प्लँटला. म्हणून तर बारच्या टोकाला रंग मारलेला असतो ओळखायला, आणि मी घाईत तो बघितला नव्हता. रात्री जेवताना एकदम आठवलं की ज्या रॅकवरून काढले ती रॅकच वेगळी होती. पोटात गोळा आला. आणि मी फोन केला नाही. सकाळी लवकर जाऊन बघू, कदाचित अजून लावलेच नसतील, असं स्वतःला सांगत रात्रभर जागी राहिले. सकाळी गेले तर 40 पीस तयार होऊन ट्रेमध्ये रांगेत ठेवलेले, चकचकीत. साहेबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "रात्रे ज कही देवुं'तुं ने, बेन." रात्रीच सांगायचं होतंस ना. रात्री सांगितलं असतं तर चार-पाच पीस गेले असते.

चूक प्रत्येकाकडून होते आणि प्रत्येक मालकाला ते माहीत असतं. म्हणून 'तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा' हा प्रश्न जेव्हा येतो तेव्हा चूक काय होती त्याचं आम्हाला काही नसतं, आम्ही बघत असतो की तुम्ही ती कधी सांगितली, कोणाला सांगितली, आणि परत होऊ नये म्हणून काय बदललं. मी त्यानंतर इश्यू स्लिपवर रंगाचा वेगळा रकाना काढला, तो भरल्याशिवाय बार हातातून सोडायचा नाही, आजही तसंच करते. जो मुलगा म्हणतो माझ्याकडून चूक होतच नाही, त्याच्याबद्दल मला भीतीच वाटते, कारण ह्याची चूक मला पार्टीकडून माल परत येईल तेव्हा कळणार.

कम्युनिकेशनबद्दल तर इतका गैरसमज आहे. मुलांना वाटतं कम्युनिकेशन म्हणजे फाडफाड इंग्रजी. काही नोकऱ्यांत लागतं, परदेशी पार्टीशी बोलायचं असेल, सेल्स असेल, कॉल सेंटर असेल, नाही म्हणत नाही, आणि शक्य असेल तर शिकाच. पण बहुतेक जागी हा गुण दिसतो तो शिफ्टच्या रजिस्टरमध्ये. एक जण लिहितो, 'मशीन नंबर 3 नीट चालत नाही.' दुसरा लिहितो, 'मशीन नंबर 3, दोन तास चालल्यावर स्पिंडलपाशी आवाज येतो, थंड असताना येत नाही, तेल बघितलं, लेव्हल बरोबर, मेंटेनन्सला साडेनऊला सांगितलं, अजून आले नाहीत.' दोन्ही मराठी-गुजराती मिसळूनच लिहिलेलं असतं, स्पेलिंगच्या चुका दोन्हीत, पण दुसऱ्याचं वाचून पुढच्या शिफ्टचा माणूस सरळ कामाला लागतो आणि पहिल्याचं वाचून त्याला घरी फोन लावावा लागतो. आणि बडोद्याच्या आपल्या मुलांकडे एक गोष्ट आहे जी ती कधी मोजतच नाहीत. घरी मराठी, शॉपमध्ये आणि शेठशी गुजराती, बाहेरून आलेल्या ऑपरेटरशी हिंदी, ड्रॉइंगवरचं इंग्रजी, हे आपण शाळेपासून न अडखळता करतो. चार भाषांतल्या माणसांना एकाच कामावर आणता येणं ही मोठी गोष्ट आहे, बायोडेटात 'भाषा' ह्या ओळीत शेवटी कुठेतरी लिहिलेली असते, तिला वर आणा आणि ती कुठे वापरली ते लिहा.

माणसांशी जमवून घेण्याला आता पूर्वीपेक्षा जास्त भाव आहे, हे आकड्यांत पण दिसतं. डेव्हिड डेमिंग ह्यांनी 2017 मध्ये अमेरिकेतला अभ्यास छापला, 1980 ते 2012 मध्ये ज्या कामांत माणसांशी खूप संबंध येतो अशा कामांचा एकूण नोकऱ्यांतला वाटा जवळपास 12 टक्क्यांनी, म्हणजे वाट्यातच 12 अंकांनी, वाढला. पण मला त्याहून जवळचा वाटतो तो बंगळुरूचा. तिथल्या पाच गारमेंट कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या बायकांना शिवणकाम सोडून बाकीचं शिकवलं, आपलं म्हणणं कसं मांडायचं, वेळ कसा लावायचा, अडचण आली तर कशी सोडवायची, आणि कोणाला हे ट्रेनिंग मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना खरी व्हावी. अच्युता अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यषधम ह्यांचा हा अभ्यास. ट्रेनिंग मिळालेल्या बायकांचं काम इतरांपेक्षा 13 टक्क्यांहून थोडं जास्त निघालं, आणि कंपनीने घातलेल्या पैशावर अडीचशे टक्क्यांच्या आसपास फायदा झाला. आणि त्या बायकांचा पगार? अर्धा टक्का वाढला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले. म्हणजे हे गुण खरे आहेत, शिकवता येतात, त्यांनी कारखान्याला पैसा मिळतो, पण तो पैसा गुणवाल्याच्या हातात आपोआप येत नाही. तो मागावा लागतो, आणि मागताना आपण काय केलं ते कागदावर असलं पाहिजे. म्हणून मी आमच्या मुलींना सांगते, जे सुधारलंत त्याची तारीख टाकून नोंद ठेवा, पगारवाढीच्या बोलणीत ती वही समोर ठेवा.

शिकत राहण्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते सगळेच सांगतात. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या 2025 च्या रिपोर्टमध्ये कंपन्यांचा अंदाज असा आलाय की 2030 पर्यंत आजच्या कौशल्यांपैकी 39 टक्के बदलतील किंवा कालबाह्य होतील, आणि दहातल्या सात कंपन्यांना सगळ्यात गरजेचा वाटतो तो नीट तपासून विचार करण्याचा गुण. पण आपल्या गावाला हे नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन सुरू केलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख, हाताचं काम आणि शास्त्र एकत्र शिकवायचं, तेही लोकांच्या भाषेत, हा त्यामागचा आग्रह. दादासाहेब फाळके तिथेच शिकले, चित्रकला, फोटोग्राफी, हाताने घडवायच्या कितीतरी गोष्टी, आणि 1913 मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा काढला तेव्हा ह्यातलं सगळं एकत्र आलं. कलाभवनात असताना सिनेमा नावाची वस्तूच जगात नव्हती. मला हे मुलांना सांगायला आवडतं, की कुठलं शिकलेलं कुठे लागेल ते आधी कळत नाही.

पण मी एक गोष्ट लपवणार नाही. सगळे गुण असूनही दार उघडत नाही असं होतं, आणि त्यात उमेदवाराचा काही दोष नसतो. 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल ह्यांचा अभ्यास आला, वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावाचा, आणि दलित आणि मुस्लिम नावांना उच्चवर्णीय नावांपेक्षा कमी बोलावणी आली. आणि आपल्या बडोद्यात तर 1917 मध्ये काय झालं ते आपल्याला माहीत असायलाच हवं. बडोदा संस्थानच्या स्कॉलरशिपवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर इथे नोकरीला रुजू झाले, आणि ह्या गावात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, ऑफिसात शिपाई लांबून कागद फेकायचे. त्यांच्याहून जास्त गुण कोणाच्या बायोडेटात असणार होते? जागा मिळाली नाही तेव्हा ते कमाटीबागेतल्या ज्या वडाखाली बसले होते, त्या वडाकडे गेलं की मला नेहमी वाटतं की माणसं निवडणाऱ्या आम्हा लोकांनी तिथे वर्षातून एकदा जाऊन बसावं. 'आपल्यातला वाटतो', 'आपल्याकडे फिट होईल' हे शब्द मी इंटरव्ह्यूत कोणाच्या तोंडून ऐकले की विचारते, म्हणजे नक्की काय? सगळ्यांना तेच प्रश्न, तेच वर्नियर, तोच बुश, ह्याचा मोठा फायदा हा पण आहे.

आणि तुम्ही पण त्यांना बघा. अपॉइंटमेंट लेटर देतात का, पीएफ कापतात आणि भरतात का, ओव्हरटाइमचा दर विचारा, कारखान्यात तो कायद्याने दुप्पट आहे. सेफ्टी शूज कंपनी देते का आपले आणायचे. हे विचारलं म्हणून कोणी चांगला मालक नाराज होत नाही, उलट ह्याला नीट टिकायचंय असं कळतं. जिथे नाराज होतात तिथून निघालेलं बरं.

शेवटी भाच्याचा बायोडेटा आम्ही दोघांनी बसून परत लिहिला. ते चार शब्द काढले. त्या जागी तीन ओळी आल्या. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बंद पडलेला ड्रिल मोटरचा बेल्ट बदलून सुरू केला, हे त्याने मला कधी सांगितलंच नव्हतं. मंडळाच्या गणपतीत दोन वर्षं डेकोरेशनचं सामान त्याच्या ताब्यात होतं, काय भाड्याने आणलं, काय परत केलं, काय फुटलं ह्याची यादी त्याच्याकडे अजून आहे. आणि आठ महिन्यांची जी मोकळी जागा होती, जी तो लपवायला बघत होता, तिथे आम्ही खरं लिहिलं, की घरी होतो, वडिलांचं ऑपरेशन झालं त्यांचं सगळं बघितलं, आणि सोबत मोबाइलवर सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, प्रोग्रॅमिंगचे बेसिक शिकलो. त्याला ही शेवटची ओळ लिहायची लाज वाटत होती. मी म्हटलं राहू दे, वाचणाऱ्याला कळू दे की घरात अडचण आली तेव्हा तू पळाला नाहीस.

मग मी त्याला सगळ्यात आधी मोबाइल नंबर मोठ्याने वाचायला लावला, एक एक आकडा. कारण यंदाच्या त्या साठ बायोडेटांमध्ये एक फार चांगला होता, आयटीआय फिटर, काय काय दुरुस्त केलंय ते सगळं नीट तारखांसकट लिहिलेलं, आम्हाला त्याला बोलवायचंच होतं, आणि त्याच्या नंबरात नऊच आकडे होते. पत्त्यावर फक्त वडोदरा लिहिलं होतं. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.